रानाचा वाटा कोणी भरायचा?

(पाठीराख्यांच्या वार्षिक मेळाव्यात तानसा भागातल्या आमच्या कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. – संपादक)



मागे आपल्या अंकात एक फोटो छापून आला होता. ओल्या मातीत रानडुकरांच्या खुरांचे ठसे, बाजूला मोडून पडलेला मका, आणि खाली ओळ होती : ‘रानातल्या पाहुण्यांसाठी आम्ही पेरलेलं ताट’. तो फोटो मीच काढला होता. त्यानंतर तुमची पत्रं आली, फोन आले. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. “भाऊ, किती चांगली कल्पना! डुकरांचं पोट रानातच भरलं तर ती आदिवासींच्या शेतात कशाला येतील? अजून चार ठिकाणी पेरा, बियाण्याचे पैसे आम्ही देतो.” एका भगिनीने तर पाकिटावर ‘प्राण्यांच्या जेवणासाठी’ असं लिहून पैसे पाठवले.

फोटो छापून आला. फोटोनंतर काय झालं ते मात्र छापून आलं नाही. ते सांगायची जबाबदारी माझी होती आणि मी ती टाळली. आज ते सांगतो, आणि त्या पाकिटाचा हिशेबही शेवटी देतो.

आधी जागा समजून घेऊ. तुमच्यापैकी बरेच जण मुंबईचे आहेत. सकाळी नळ उघडता तेव्हा त्या पाण्यात तानसा तलावाचाही वाटा असतो. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झालं. तलावात पाणी यावं, गाळ येऊ नये म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं आणि १९७० साली त्याचं अभयारण्य झालं. आज ते तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. साग, ऐन, खैर, कळंब, मोह, बांबू असं पानगळीचं रान. त्यात बिबट्या आहे, भेकर आहे, चौशिंगा आहे, रानडुक्कर तर आहेच. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं कोणालाच पक्कं दिसलं नव्हतं. १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे पुन्हा सापडलं, आणि २०१४ मध्ये आपल्या तानसाच्या रानातही दिसलं. म्हणजे हे रान साधंसुधं नाही.

या रानाच्या कडेला, शहापूरपासून मुरबाडच्या डोंगरापर्यंत, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली यांचे पाडे आणि वाड्या आहेत. खाली खाचरात भात, वर वरकस जमिनीवर नाचणी, वरई, उडीद, खुरासणी. भात निघालं की त्याच ओलीवर वाल. ज्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळाला, त्यांचा पट्टा बहुतेक वेळा रानाला अगदी चिकटूनच असतो. पूर्वी शेतात शिरलेलं डुक्कर पुष्कळदा हंडीत जायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. रान वाचायचं तर ते आवश्यकच होतं. पण त्या दिवसापासून डुकराची बाजू कायद्याने घेतली, आणि नाचणीची बाजू घ्यायला माळ्यावर डबा वाजवत बसलेला माणूस तेवढा उरला.

आता आमची चूक सांगतो.

एका कातकरी वाडीच्या वरच्या अंगाला, ओढ्याजवळ, एका शेतकऱ्याने आम्हाला पाच-सहा गुंठे जागा वापरायला दिली. अभयारण्याच्या हद्दीबाहेरची, पण रानाला लागून. मी परदेशातल्या अशा पट्ट्यांविषयी वाचलं होतं आणि उत्साह दांडगा होता. जूनमध्ये आम्ही तिथे मका लावला आणि मध्ये रताळ्याचे वेल सोडले. कुंपण घातलं नाही, कारण पाहुण्यांना कुंपण कशाला?

मका भरला तशी डुकरं आली. मुसंडी मारून रताळी उकरली, ताटं आडवी केली. आम्ही खूश! तेव्हाच तो फोटो काढला. दोन आठवड्यांत पट्टा साफ झाला. आणि नेमकी त्याच सुमारास खालच्या बाजूला वाडीची नाचणी दाण्यावर येऊ लागली. डुकरांना वाट माहीत झाली होती, चव लागली होती, पिल्लं सोबत होती. एरवी अधूनमधून येणारी डुकरं त्या वर्षी रोज रात्री येऊ लागली. लोक माळ्यावर जागले, डबे वाजवले, शेकोट्या केल्या. तरी आमच्या पट्ट्याला लागून असलेल्या तीन घरांच्या नाचणीचा नुसता पेंढा उरला.

त्यातल्या एका घरची आजी मला म्हणाली, “दादा, डुकराला आवतण तू दिलंस. पंगत आमच्या दारात बसली.”

मी काय उत्तर देणार? भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली होती त्यांची.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, हे तुम्हाला माहीत आहे. घरात नाचणी असली की माणूस जरा थांबून, दर विचारून जातो. कणगी रिकामी असली की मिळेल ती उचल घेऊन, सांगतील त्या भट्टीवर जावं लागतं. त्या तीन घरांनी दिवाळीही वाडीत केली नाही. त्यांच्याबरोबर चौथीतली एक मुलगी गेली. ती परत आली तेव्हा पाऊस तोंडावर आला होता आणि शाळेचं वर्ष संपलं होतं. आमच्या पाच-सहा गुंठ्यांच्या दयेची ही किंमत तिने दिली.

आपण कुठे चुकलो, यावर आम्ही वाडीतल्या म्हाताऱ्यांबरोबर बसलो. त्यांनी चार गोष्टी दाखवल्या.

पहिली गोष्ट जागेची. पट्टा शेताच्या डोक्यावर होता. रानातून पट्ट्यात आणि पट्ट्यातून शेतात, अशी सरळ पायवाटच आम्ही आखून दिली. दुसरी गोष्ट वेळेची. आमचं ताट संपलं तेव्हाच शेताचं ताट भरत होतं. तिसरी गोष्ट अन्नाची. मका आणि रताळी हे शेतातलंच खाणं. रानातल्या जनावराला शेताची गोडी आम्हीच लावली. आणि चौथी गोष्ट संख्येची. डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं सहज देते. आयतं खाणं मिळालं की त्यातली जास्त जगतात. पुढच्या वर्षी त्यांना कोण पोसणार?

मग मी परदेशाबद्दल जे अर्धवट वाचलं होतं ते पुन्हा नीट वाचलं. अमेरिकेत हरणांसाठी लसूणघास, ओट असे पट्टे पेरतात हे खरं, पण पुष्कळ ठिकाणी ते शिकारीच्या हंगामात हरीण समोर यावं म्हणून असतात. इंग्लंडमध्ये शेताच्या कडेला पाखरांसाठी दाण्याचे पट्टे राखतात. हिवाळ्यात शेतं रिकामी असतात तेव्हा रानचिमण्यांना त्यांचा मोठा आधार होतो. पण त्या पट्ट्याचे पैसे शेतकऱ्याला सरकारी योजनेतून मिळतात. पाखरांचा वाटा त्याच्या ताटातून काढला जात नाही. मी पेरणी तेवढी वाचली होती, हिशेब वाचला नव्हता.

आपल्याकडे मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्रप्रकल्पातून उठवली गेली आणि त्यांच्या जुन्या शेतांवर वनखात्याने कुरणं वाढवली. तिथलं काम नुसतं पेरून सोडण्याचं नाही. गोड गवत कोणतं ते ओळखायचं, तरोट्यासारखं तण बी धरण्याआधी काढायचं, आग लागू द्यायची नाही, असं वर्षानुवर्षांचं काम आहे. हरणं, सांबरं तिथे चरतात. पण ती शेतं कोणाची होती हेही विसरू नये. तिथेही जनावरांच्या ताटासाठी जागा आदिवासींनीच रिकामी केली.

म्हणून आम्ही उलट दिशेने सुरुवात केली. काय पेरायचं ते नंतर ठरवू, आधी रान स्वतः कधी काय वाढतं ते पाहू. वाडीतल्या एका आजोबांनी अंगणात कोळशाने बारा घरं आखली आणि प्रत्येक महिन्यात रानात काय मिळतं ते सगळ्यांनी मिळून सांगितलं.

माघ-फाल्गुनात सावर, पळस, पांगारा फुलतात. सावरीची जाड फुलं खाली पडतात, ती भेकर आणि चौशिंगा खातात. चैत्रात मोहाची फुलं. वैशाखात करवंद, टेंभुर्णी, तोरण, रानातले आंबे. पावसाच्या तोंडावर जांभूळ. आषाढ-श्रावणात कोवळं गवत, बांबूचे कोंब. मार्गशीर्ष-पौषात बोरं, आवळे आणि जमिनीत कंद. उंबराचं सगळ्यात बरं. एक झाड थांबलं की दुसरं धरतं, त्यामुळे रानात कुठे ना कुठे बारा महिने उंबर पिकलेलं असतंच. त्यावर हरियाल, तांबट, धनेश, वटवाघूळ, उदमांजर जगतात, आणि खाली पडलेलं डुक्कर-भेकर खातात.

बारा घरांत दोन जागा रोडावलेल्या दिसल्या. एक आश्विन-कार्तिकाची : रानात फळ कमी आणि शेतं भरलेली. दुसरी उन्हाळ्याची, आणि ती रानाने नाही, माणसाने केलेली. फुलं-फळं आहेत, पण वणव्यात करवंदीच्या जाळ्या जळतात, रोपं जळतात, गवत जळतं. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि ती आग डोंगरभर जाते.

हे समोर आल्यावर काम आपोआप ठरलं. आम्ही आता काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी काहींची गावाकडे जमीन आहे, तुम्हालाही उपयोग होईल.

पहिलं काम झाडांचं. ओढ्याच्या काठाने, शेतापासून लांब, रानाच्या अंगाला उंबर, पायर, वड, जांभूळ, मोह लावायचे. वडाच्या आणि पायरीच्या जाड फांद्या पहिल्या पावसात लावल्या तर जगतात. उंबराची रोपं ओढ्यात पाखरांच्या विष्ठेतून उगवलेली मिळतात, तीच हलवायची. मोहाचं आणि जांभळाचं बी साठवून ठेवायचं नाही. ते लवकर मरतं. हाती आलं की त्याच पावसात मातीत गेलं पाहिजे. पहिली दोन-तीन वर्षं गुरांपासून आणि आगीपासून राखण करायची. मोह फुलायला दहा वर्षंसुद्धा लागतील. फोटो लवकर मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरं काम आगीचं. मोहाखाली पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून काढायचा किंवा जुन्या साड्या अंथरायच्या. फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो. ज्या साड्या तुम्ही मागच्या वर्षी पाठवल्या, त्यातल्या जुन्या काही मोहाखाली गेल्या. रागावू नका! शिवाय वाडीने ठरवलं आहे की रानातला एक मोह कोणी वेचायचा नाही. तो जनावरांचा.

तिसरं काम गवताचं. आपल्या भागात दिवाळीच्या सुमारास गवत कापून विकतात. ते कापताना डोंगराच्या बाजूला एखादा पट्टा उभा ठेवायचा. ससे, लाव्हे, उंदीर तिथे टिकतात, आणि उंदरांवर घुबडं जगतात. शेताच्या कडेचं गवत मात्र सगळ्यात आधी कापायचं, कारण डुकराला दिवसा दडायला तीच जागा लागते. रानमोडी आणि घाणेरी फुलायच्या आत उपटायची. त्यांच्या खाली चाऱ्याचं गवत वाढत नाही.

चौथं काम हंगामी पेरणीचं. हो, ते आम्ही सोडलेलं नाही, पण लहान केलं आहे. मका-रताळी बंद. गावापासून लांबच्या वरकस जमिनीवर, जिथे मागून वाल पेरायचा नसतो अशा जागी, नाचणी-वरईची एक अरुंद पट्टी न कापता ठेवायची. सगळ्या वाडीचं पीक खळ्यावर आल्यानंतरच ती पाखरांसाठी उघडी, तोपर्यंत तिचीही राखण. त्या पट्टीत किती पायली नाचणी झाली असती ते वाडीतल्या चौघांनी मिळून ठरवायचं, आणि तेवढे पैसे शेतकऱ्याला आधीच, पेरणीच्या वेळी द्यायचे. कापणीनंतर देऊ असं म्हणायचं नाही. उचल घ्यायची पाळी येते ती आधीच.

अभयारण्याच्या आत आपण काहीही पेरत नाही. तिथे परवानगीशिवाय रोप लावणंही कायद्याला धरून नाही, आणि चांगल्या हेतूने आणलेलं परकं बी रानाचं वाटोळं करू शकतं.

पाचवं काम कागदाचं, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. जनावराने पीक खाल्लं तर शासन भरपाई देतं. पण तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो, जमिनीचा कागद लागतो. रात्रभर जागलेला माणूस सकाळी उजाडल्यावर उरलेली नाचणी वाचवायला धावतो, अर्ज लिहायला बसत नाही. आता आमची एक कार्यकर्ती आश्विन-कार्तिकात वाडीवाडीत फिरते, मोबाईलवर नुकसानीचा फोटो काढते, अर्ज लिहून सोबत जाते. ज्याच्याकडे पट्ट्याचा कागदच नाही त्याचा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून वनहक्काचे राहिलेले दावे पूर्ण करणं हेही याच कामात आलं.

आता तुम्ही विचाराल, मग डुकरं थांबली का? नाही. यंदाही आली. पण वाडीने पाळ्या लावून राखण केली, कडेचं गवत आधी कापलं होतं, आणि नुकसान झालं त्याचे अर्ज वेळेत गेले. झाडं अजून गुडघ्याएवढी आहेत. त्यांनी काय साधलं ते मी सांगू शकत नाही, तुमची मुलं सांगतील.

हे सगळं करताना मला निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातला जमिनीचा नियम नव्याने दिसला. सहा वर्षं पेरावं, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी. जे उगवेल ते गरिबांनी खावं आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी. लहानपणापासून ऐकलेला नियम. पण त्यातला क्रम मी कधी पाहिला नव्हता. गरीब आधी, त्याच्या मागून जनावर. दोघांनाही वगळलेलं नाही. आणि वाटा काढायचा आहे तो ज्याच्याकडे शेत आहे त्याने, ज्याच्याकडे भरलेलं कोठार आहे त्याने. आम्ही मात्र जनावराला आधी बसवलं आणि वाढायला गरिबाला लावलं.

तानसाचं पाणी पिणारे आपण सगळे त्या रानाचं खातो. रान राहावं, बिबट्या राहावा, रानपिंगळा राहावा असं आपल्याला वाटतं, ते योग्यच आहे. फक्त त्यांच्या जेवणाचा खर्च आजपर्यंत रानाच्या कडेची वाडी एकटी देत आली. बियाणं नको म्हणतो ते एवढ्यासाठी. राखणीची मजुरी द्या, पट्टीची नाचणी विकत घ्या, झाडांना तीन वर्षं पाणी घालणाऱ्या बाईचा पगार द्या. पावसाळ्यानंतर दोन दिवस येऊन अर्ज लिहायला बसा. मराठी लिहिता येतं, एवढी पात्रता पुरते.

आता पाकिटाचा हिशेब. त्या भगिनीला मी फोन केला, झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं की पैसे दुसरीकडे वापरू का. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि हो म्हणाल्या. ते पैसे त्या तीन घरांना नाचणीपोटी दिले. पाकिटावर ‘प्राण्यांच्या जेवणासाठी’ असं लिहिलं होतं, आणि ते जेवण त्या तीन घरांनी आधीच घातलं होतं.

आजीने पैसे मोजले, पदराला बांधले आणि मला म्हणाली, “यंदा आवतण देऊ नकोस हां दादा.”

ती मुलगी यंदा आमच्या वसतिगृहात आहे. पुन्हा चौथीत. तिची आठवण प्रार्थनेत ठेवा, आणि ओढ्याकाठच्या उंबरांचीही.